तुटक्या जबड्याचे नाव काय? संशयास्पद टेरोसॉर जाती तपासण्याची रीत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील केंब्रिजच्या आसपासच्या शेतांत फॉस्फेटच्या गाठी खणून त्यांचे खत करण्याचा मोठा धंदा चालत असे. या गाठींना सरसकट कोप्रोलाइट, म्हणजे विष्ठेचे जीवाश्म, म्हटले जाई. प्रत्यक्षात त्यांतल्या बहुतेकींचा विष्ठेशी काही संबंध नव्हता. गाठी धुताना मधूनच हाडांचे तुकडे हाती लागत, ते संग्राहकांना विकले जात, आणि त्यांतले पुष्कळसे अखेर केंब्रिज विद्यापीठाच्या संग्रहात, म्हणजे आजच्या सेजविक संग्रहालयात, जाऊन पोहोचले. या तुकड्यांमध्ये टेरोसॉरची, म्हणजे चौथ्या बोटावर ताणलेल्या पडद्याने उडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांची, शेकडो हाडे आहेत आणि त्यांतले एकही अखंड सांगाड्याचा भाग म्हणून सापडलेले नाही. तरीही या तुकड्यांवरून रिचर्ड ओवेन आणि हॅरी गोव्हियर सीली या त्या काळच्या इंग्लिश जीवाश्मतज्ज्ञांनी जातींमागून जाती जाहीर केल्या. त्या निस्तरण्याचे काम अजून संपलेले नाही, आणि म्हणूनच तुटक्या हाडावरून जाती कशी तपासावी हे शिकायला याहून चांगला संग्रह नाही.

शब्दांविषयी एक खुलासा आधीच करतो. या लेखात ‘जाती’ ही सर्वांत खालची पातळी आहे आणि ‘प्रजाती’ तिच्या वरची. ऑर्निथोकायरस सायमस या जोडनावातला पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा. ज्या एका नमुन्यावर जातीचे नाव कायमचे टांगलेले असते त्याला होलोटाइप म्हणतात. त्या नमुन्यावरून ती जाती इतरांपासून वेगळी ओळखताच येत नसेल, तर ते नाव नोमेन डुबियम, म्हणजे संशयास्पद नाव, ठरते. प्राणी खोटा होता असा याचा अर्थ नाही. तो होता, उडतही असेल. पण हाती उरलेला तुकडा त्याची ओळख पटवायला पुरत नाही, एवढेच.

आधी चिठ्ठी, मग हाड

पहिली पायरी कंटाळवाणी आहे आणि ती हमखास वगळली जाते. खोक्यातील हाडाला हात लावण्याआधी सगळ्या चिठ्ठ्यांची, हाडावर शाईने लिहिलेल्या क्रमांकाची आणि खोक्याच्या झाकणाची छायाचित्रे घ्यावीत, आणि नोंदवहीतील क्रमांकाशी ती पडताळावीत. जुन्या संग्रहात एकाच हाडाबरोबर तीन पिढ्यांच्या चिठ्ठ्या असतात आणि त्यांवरची नावे एकमेकांशी जुळतातच असे नाही. त्यानंतर हाड भिंगाखाली धरून कोणता भाग खरा आणि कोणता नंतर डिंकाने किंवा प्लॅस्टरने जोडलेला, हे रेषा काढून नोंदवावे. जुन्या काळी पोकळी प्लॅस्टरने भरून वर हाडाच्या रंगाचा हात फिरवण्याची सर्रास पद्धत होती, आणि अशा रंगवलेल्या कडेलाच एखाद्याने जातीचे लक्षण समजावे असा प्रकार अशक्य नाही.

मुळात तो टेरोसॉर आहे काय?

हा प्रश्न बालिश वाटेल, पण इतिहास पाहता तो सर्वांत महागात पडलेला प्रश्न आहे. इंग्लंडच्या क्रिटेशस खडकांतील पॅलिऑर्निस क्लिफ्टी आणि सिमोलिऑर्निस डायोमेडियस ही दोन्ही नावे हाडे पक्ष्यांची समजून दिली गेली होती. ओवेन यांना तर सिमोलिऑर्निसचे हाड अल्बट्रॉससारख्या समुद्रपक्ष्याचे वाटले होते. उलट दिशेचीही उदाहरणे आहेत. रुमानियात सापडलेल्या एका तुकड्यावरून २०१५ मध्ये छापलेल्या लेखात थॅलासोड्रोमियस सेबेसेन्सिस ही नवी टेरोसॉर जाती जाहीर झाली, आणि तो तुकडा कॅलोकिबोशन नावाच्या कासवाच्या पोटाकडील कवचाचा असल्याचे इतर संशोधकांनी लगोलग दाखवून दिले.

म्हणून दुसऱ्या पायरीवर तुटलेली कड पाहावी. टेरोसॉरची लांब हाडे पोकळ असतात आणि त्यांची भिंत आकाराच्या मानाने फारच पातळ असते, कित्येकदा जेमतेम मिलिमीटरभर. आत कुठे कुठे आधाराच्या बारीक काड्या दिसतात. पक्ष्यांची हाडेही पोकळ असतात, त्यामुळे एवढ्यावर थांबू नये. मानेचा मणका असेल तर त्याच्या सांध्याचा पृष्ठभाग पाहावा. टेरोसॉरमध्ये मणक्याच्या पुढच्या टोकाला खळगा आणि मागच्या टोकाला फुगवटा असतो, तर आजच्या पक्ष्यांच्या मानेत हा सांधा खोगिरासारखा असतो. दातांच्या खोबणी नसलेला जबड्याचा तुकडा सर्वांत फसवा. केंब्रिजच्या संग्रहात आणि ब्रायटनच्या बूथ संग्रहालयात असे काही तुकडे शार्कच्या परावरचे काटे म्हणून वर्षानुवर्षे पडून होते. पोर्ट्समथ विद्यापीठाचे रॉय स्मिथ यांनी ते टेरोसॉरच्या बिनदाती जबड्याचे तुकडे असल्याचे ओळखले. पृष्ठभागावर उघडणारी मज्जातंतूंची बारीक छिद्रे ही त्यांना सापडलेली खूण होती, कारण शार्कच्या काट्यावर तशी छिद्रे नसतात. वरवर पाहता दोन्ही निमुळते, लांबट आणि सारखेच तपकिरी. फरक भिंगाखाली.

खडकाचे वय आणि हाडाचे वय

केंब्रिजची ही हाडे ज्या थरातून आली तो केंब्रिज ग्रीनसँड नावाचा थर सिनोमॅनियन काळात, म्हणजे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास, साचला; पण त्यातील बहुतेक हाडे त्याआधीच्या अल्बियन काळाच्या अखेरीस गाडली गेलेली, नंतर समुद्राने उखडलेली, घासलेली आणि या थरात पुन्हा पुरली गेलेली आहेत. या एका गोष्टीचे दोन परिणाम होतात आणि दोन्ही वर्गीकरणाला भिडतात. एक म्हणजे एकाच खड्ड्यातून आलेली दोन हाडे एकाच काळच्या प्राण्यांची असतील अशी हमी देता येत नाही, मग ती एकाच प्राण्याची असणे तर दूरच. दुसरे म्हणजे उखडताना आणि लोळताना कठीण, बुटके भाग तेवढे टिकले: जबड्यांची टोके, हाडांचे सांध्याकडचे शेवट, मणके. ओवेन आणि सीली यांच्या बहुतेक जाती जबड्याच्या टोकांवर उभ्या आहेत त्याचे कारण हेच. पंखाचे हाड कितीही सुंदर मिळाले तरी ते कोणत्या जबड्याचे, हे सांगायला मधला दुवाच शिल्लक नाही.

दोन स्वतंत्र तुकडे मनाने जोडण्याचा मोह किती खोल नेतो याचे ताजे उदाहरण ब्राझीलचे आहे. ट्रायसिक काळातील फॅक्सिनालिप्टेरस मिनिमस या नावाखाली २०१० मध्ये एक अर्धवट सांगाडा आणि वेगळ्या वेळी सापडलेला वरच्या जबड्याचा तुकडा एकत्र वर्णिले गेले. २०२२ च्या फेरतपासणीत जबडा वेगळ्याच प्राण्याचा निघाला, त्याला मेहारी बोनापार्टेई असे नवे नाव मिळाले, आणि ज्यावर मूळ नाव होते तो प्राणी टेरोसॉरही राहिला नाही. तेव्हा नियम सोपा ठेवावा: जे हाड सांध्यात जोडलेले किंवा एकाच दगडात सापडले नाही, ते स्वतंत्र नमुना म्हणून तपासावे.

वर काय, खाली काय, पुढे काय

आता समजा, हाती पाच-सहा सेंटिमीटर लांबीचे जबड्याचे टोक आहे. ते वरच्या जबड्याचे की खालच्या, हे आधी ठरवावे लागते, कारण दोघांवर तुरा, म्हणजे हाडाचा उभा पातळ उंचवटा, असू शकतो आणि दोघांत दात असतात. केंब्रिजच्या संग्रहातील दातवाल्या टेरोसॉरमध्ये टाळूच्या मधोमध एक लांब उंचवटा असतो आणि खालच्या जबड्यावर त्याला जुळणारी पन्हळ असते. दिवा बाजूने, जवळजवळ आडवा धरला की उंचवट्याची सावली एका बाजूला पडते आणि पन्हळीत ती आतल्या कडेला साचते. समोरून उजेड टाकला तर दोन्ही सपाट दिसतात. ज्याला एकच साधन घ्यायचे असेल त्याने सूक्ष्मदर्शकाऐवजी वाकणारा टेबल-दिवा घ्यावा, असे माझे मत आहे.

खोबणी मोजणे हे त्यापुढचे काम, आणि इथे माझी स्वतःची चूक सांगण्यासारखी आहे. शिकत असताना एका जबड्याच्या प्लॅस्टरच्या साच्यावर मी डाव्या बाजूला सहा खोबणी मोजल्या आणि त्यावरून त्यांच्यातील अंतरांचे गुणोत्तर काढून मोकळा झालो. शिक्षकांनी साचा माझ्या हातात उलटा करून दिला. मागच्या तुटलेल्या कडेवर अर्धचंद्रासारखा एक खळगा होता, त्याच्या आतल्या भिंतीला हाडाची पातळ गोल कड स्पष्ट होती. ती सातवी खोबण, मधोमध तुटलेली. आणि मी चौथी म्हणून मोजलेली जागा म्हणजे चिकटून वाढलेल्या कालवाच्या शिंपल्याने हाडावर सोडलेला वाटोळा डाग होता. त्याला आतली भिंतच नव्हती. खोबण असेल तर कड थोडी उठलेली असते आणि आत भिंत खाली उतरते, हे तेव्हापासून मी दरवेळी सुईच्या टोकाने चाचपून पाहतो. दोन्ही बाजू स्वतंत्रपणे मोजाव्यात आणि आकडे जुळले नाहीत तर तसेच नोंदवावेत.

ही मोजणी क्षुल्लक नाही. अन्हांगेरिडी या कुलात (कुल म्हणजे प्रजातीच्या वरची पातळी) पाचवी आणि सहावी खोबण चौथी आणि सातवीपेक्षा लहान असते आणि जबड्याचे टोक चमच्यासारखे रुंदावलेले असते. मोजणीत एका खोबणीची चूक झाली की हाड एका कुलातून दुसऱ्यात जाते.

मापे घेताना

व्हर्नियर कॅलिपरने घ्यावयाची मापे थोडकीच आहेत: टोकाची सर्वाधिक रुंदी, त्यामागची सर्वांत अरुंद जागा, पहिल्या काही खोबणींपाशी उंची, प्रत्येक खोबणीचा व्यास, आणि लगतच्या खोबणींमधील अंतर. तुरा असेल तर तो टोकापासूनच सुरू होतो की मागून, आणि मागून असेल तर कितव्या खोबणीच्या वर, हे लिहावे. तुलना मिलिमीटरांची नव्हे तर गुणोत्तरांची करावी. नुसता मोठेपणा हे जातीचे लक्षण नव्हे.

त्याचे कारण वय आणि लिंग. अमेरिकेतील टेरानोडॉन या टेरोसॉरची हजाराहून अधिक हाडे उपलब्ध आहेत, आणि ख्रिस्तोफर बेनेट यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले की त्यांत मोठ्या तुऱ्याचे मोठे आणि लहान तुऱ्याचे लहान असे दोन गट पडतात, जे नर आणि मादी म्हणून समजणे सर्वांत सयुक्तिक आहे. त्याआधी तुऱ्याच्या आकारावरूनही टेरानोडॉनच्या जाती पाडल्या गेल्या होत्या. केंब्रिजसारख्या संग्रहात, जिथे प्रत्येक जाती एकदोन तुकड्यांवर उभी आहे, हा फरक ओळखण्याची सोयच नाही. म्हणून तुऱ्याची उंची किंवा जबड्याची जाडी एवढ्याच फरकावर दोन जाती वेगळ्या ठेवणे मला तरी पटत नाही. हाडाचा पृष्ठभाग सच्छिद्र, खरखरीत असेल तर प्राणी वाढत्या वयाचा असण्याची शक्यताही नोंदवावी. झिजेने आलेली खरखर यापेक्षा वेगळी. ती उंच कडांवर जास्त आणि खळग्यांत कमी असते.

नावाची वंशावळ

हाड पुरेसे बोलले की मग कागदांकडे वळावे. क्रम उलटा केला, म्हणजे आधी नाव वाचून मग हाड पाहिले, की डोळे ते नावच शोधू लागतात.

येथे तीन गोष्टी तपासायच्या असतात. पहिली, नाव नियमाप्रमाणे प्रसिद्ध झाले आहे काय? सीली यांनी १८६९ मध्ये संग्रहालयाची जी सूची छापली तीत बरीच नवी नावे होती, पण ती तूर्त विद्यार्थ्यांच्या सोयीची असून वर्णिलेल्या जातींचा दर्जा त्यांना देण्याचा हेतू नाही, असा खुलासा त्यांनीच केला होता. त्यामुळे टेनोडॅक्टिलस कॅपिटो हे त्या सूचीतील नाव आज ग्राह्य धरत नाहीत; ती जाती १८७० मध्ये त्यांनीच ऑर्निथोकायरस कॅपिटो या नावाने वर्णिली तेव्हापासून मोजली जाते, आणि २०२० मध्ये तिला निकोरिंकस ही नवी प्रजाती मिळाली. एका जबड्याच्या टोकाचा हा दीडशे वर्षांचा प्रवास.

दुसरी गोष्ट, होलोटाइप नेमका कोणता तुकडा? पुष्कळ जुन्या लेखकांनी तो नेमला नाही, त्यामुळे नंतरच्या अभ्यासकाला त्यांच्या मूळ नमुन्यांतून एक निवडून लेक्टोटाइप ठरवावा लागतो.

तिसरी गोष्ट, प्रजाती कोणत्या जातीवर टांगलेली आहे? ही साखळी किती लांब जाते याचे उदाहरण लाँकोडेक्टेस. रेजिनाल्ड हूली यांनी १९१४ मध्ये ही प्रजाती उभी केली आणि तिचा आधार केंटच्या चॉक खडकातील कॉम्प्रेसिरोस्ट्रिस ही जाती. पुढे तिच्या आडोशाला इतर जातीही गोळा झाल्या. तायसा रोड्रिगेस आणि अलेक्झांडर केलनर यांनी २०१३ मध्ये कॉम्प्रेसिरोस्ट्रिस हेच नाव संशयास्पद ठरवले, तेव्हा आधार गेल्यामुळे प्रजातीही त्यांच्या दृष्टीने कोसळली आणि तीतील चांगल्या, ओळखू येणाऱ्या जातींसाठी त्यांना लाँकोड्रॅको ही नवी प्रजाती करावी लागली. उरलेल्या जाती कितीही नीट ओळखू येत असल्या तरी त्यांना जुन्या नावाखाली ठेवता येत नाही, हे नवख्या वाचकाला विचित्र वाटते. पण नाव कल्पनेला नसून हाडाला बांधलेले असते हे एकदा मान्य केले की त्यात विचित्र काही राहत नाही.

तुलना आणि निर्णय

तुलना शक्यतो होलोटाइपशीच करावी. ते शक्य नसेल तर त्याच्या साच्याशी किंवा त्रिमितीय स्कॅनशी. एकोणिसाव्या शतकातील शिळाछापाची चित्रे देखणी आहेत, पण चित्रकार तुटलेली कड सरळ करून टाकीत असत. तुलनेच्या वेळी प्रत्येक फरकापुढे एक प्रश्न लिहावा: हा फरक प्राण्याचा की दाबाचा, झिजेचा, मोडतोडीचा? डावी बाजू उजवीपेक्षा पसरट असेल तर तो दाब आहे, लक्षण नव्हे.

या चाळणीतून जे उरते त्यात एखादे असे वैशिष्ट्य हवे जे इतर कोणत्याही ज्ञात जातीत नाही, किंवा वैशिष्ट्यांची अशी जुळणी हवी जी दुसरीकडे एकत्र दिसत नाही. ऑर्निथोकायरस सायमसच्या जबड्यावरचा तुरा अगदी टोकापासून चढतो आणि टोक रुंदावत नाही. कोलोबोरिंकस क्लाव्हिरोस्ट्रिसमध्ये पुढच्या दातांची जोडी जबड्याच्या बोथट पुढच्या तोंडावर, इतर दातांच्या ओळीपेक्षा उंच बसते. अशी लक्षणे तुटक्या टोकावरही टिकतात, म्हणून ती नावे टिकली. जबडा निमुळता, दात मध्यम, टाळू सपाटसर अशा वर्णनावर उभी असलेली नावे टिकत नाहीत, कारण ते वर्णन दहा जातींना लागू पडते.

रोड्रिगेस आणि केलनर यांनी याच कसोटीने तिसाहून अधिक जाती तपासल्या. त्यांपैकी १६ संशयास्पद ठरल्या आणि १४ ग्राह्य राहिल्या. ग्राह्य ठरलेल्यांतही काहींची प्रजाती नक्की न झाल्याने त्यांनी जुनी प्रजाती एकेरी अवतरणात लिहिली. जाती ओळखू येते, प्रजाती मात्र सांगता येत नाही, अशी ही कबुली. मला हा त्या कामातला सर्वांत अनुकरणीय भाग वाटतो.

हा निर्णय कायमचा नसतो. सॅजिटिरोस्ट्रिस ही ओवेन यांची १८७४ ची जाती त्या सोळांपैकीच एक होती. २०१७ मध्ये त्याच खालच्या जबड्याचा पुन्हा अभ्यास होऊन ती वेगळी ओळखता येते असे ठरले आणि तिला सेराड्रॅको ही स्वतंत्र प्रजाती मिळाली. चार वर्षांच्या अंतराने एकाच हाडावर दोन निकाल. म्हणूनच निकालाबरोबर कारणे आणि मापे छापावी लागतात, म्हणजे पुढच्याला नेमके कुठे हरकत घ्यायची ते कळते. एखादे संशयास्पद नाव इतके रूढ असेल की ते सोडल्याने गोंधळच वाढेल, तर प्राणी नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे अर्ज करून जुना होलोटाइप बाजूला ठेवून नवा नमुना नेमून घेण्याची सोय संहितेच्या कलम ७५.५ मध्ये आहे. ती क्वचित वापरावी.

घराजवळचा एक तुकडा

गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात, प्राणहितेच्या काठी, कोटा नावाचे गाव आहे आणि त्याच्याच नावाने जुरासिक काळातील कोटा शैलसमूह ओळखला जातो. बारापासॉरस हा अवाढव्य डायनोसॉर याच खडकांतला. १९७४ मध्ये सोहनलाल जैन यांनी या शैलसमूहातील तुटक्या अवशेषांवरून कॅम्पिलोग्नाथॉइडेस इंडिकस ही टेरोसॉर जाती जाहीर केली. ही प्रजाती मूळची जर्मनीच्या होल्झमाडेन परिसरातील, आणि तेथील सांगाडे जवळजवळ पूर्ण आहेत. पुढच्या अभ्यासकांनी भारतीय नाव संशयास्पद मानले, कारण एवढ्या अवशेषांवरून ते त्या प्रजातीचे म्हणता येत नाहीत. भारतात जुरासिक टेरोसॉर नव्हते असे यावरून म्हणू नये. ‘इंडिकस’ या नावावर भूगोलाचे किंवा उत्क्रांतीचे निष्कर्ष बांधू नयेत, इतकेच.

चिठ्ठी लिहिताना

शेवटी हाडाला जितकी पातळी पेलते तितकीच लिहावी. जातीची खात्री नसेल पण साम्य ठळक असेल तर नावाआधी ‘सीएफ.’ लावतात, म्हणजे ‘याच्याशी ताडून पाहा’. प्रजाती कळते पण जाती नाही, तर प्रजातीपुढे ‘स्पी.’ लिहितात. त्याखाली काहीच ठरत नसेल तर ‘अनिश्चित’ लिहून ज्या गटापर्यंत खात्री आहे त्याचे नाव द्यावे. उदाहरणार्थ: ‘अन्हांगेरिडी, अनिश्चित. वरच्या जबड्याचे टोक, डावीकडे ७ खोबणी, सातवी अर्धी तुटलेली. टोकाची उजवी कड प्लॅस्टरची. केंब्रिज ग्रीनसँड, अल्बियनमधून उखडून आलेले. पूर्वीची नोंद: ऑर्निथोकायरस.’ खाली तारीख आणि तपासणाऱ्याचे नाव लिहावे, चिठ्ठी आम्लविरहित कागदावर पेन्सिलीने लिहावी, आणि जुन्या तिन्ही चिठ्ठ्या आपल्या चिठ्ठीखाली, त्याच क्रमाने, खोक्यात परत ठेवाव्यात.